शक्य तितके!

निवडणूक जवळ आली की गिरणगावातल्या चाळीत दोन गोष्टी हटकून यायच्या. एक भिंतीला चुना आणि दुसरा जाहीरनामा. भिंतीचा चुना पहिल्या पावसात धुऊन जायचा. दुसरा चुना कोणाला लागला ते पाच वर्षांनी कळायचे, आणि तोवर नवा छापून तयार असायचा!

गिरणी कामगार बंधूंनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी फोल्डिंग खात्यात काम केलेले आहे. तागा हातात आला म्हणजे वरचा छाप बघून तुम्ही तो पास करीत नव्हता. उजेडाला धरीत होता. तार कुठे तुटली, डाग कुठे पडला, वीण कुठे विरळ झाली हे डोळ्यांत तेल घालून शोधीत होता. माल खराब निघाला की साचेवाल्याच्या पगाराला कात्री लागायची. मग आम्ही विचारतो, जाहीरनामा खराब निघाला तर कात्री कोणाच्या पगाराला लागते? मंत्र्याच्या? अहो, नाव काढू नका! ती लागते तुमच्याच पगाराला, तुमच्याच खोलीला.

म्हणून आज आम्ही काँग्रेस पक्षाचे जुने जाहीरनामे उजेडाला धरणार आहोत. कोणी म्हणेल, जुन्या पत्रावळी कशाला उकरता? त्याचे कारण असे की नव्या जाहीरनाम्यात नुसती शपथ असते. जुन्यात शपथ दिसते आणि शपथेचे पुढे काय झाले तेही दिसते. शपथा कशा मोडायच्या याची रीत सगळ्याच पक्षांनी जुन्यांकडून उचललेली आहे. जुनी रीत एकदा ओळखली की नवी ओळखायला चष्मा लागत नाही.

प्रथम १९४५ चा जाहीरनामा. स्वराज्य दाराशी आले होते. १९४६ च्या निवडणुकीसाठी काँग्रेसने देशापुढे जे वचन ठेवले त्यात दोन गोष्टी आपल्या होत्या. एक, प्रांतांची रचना भाषा आणि संस्कृती यांना धरून करू. दोन, कामगाराला किमान वेतन, माणसासारखे राहणीमान, योग्य घर, कामाचे ठराविक तास, म्हातारपणात, आजारपणात आणि बेकारीत संरक्षण, आणि संघटना काढण्याचा हक्क देऊ. वाचून छाती भरून यावी असेच वचन होते. कामगारांनी आणि मराठी माणसाने त्याच्यावर विश्वास टाकला यात त्यांची काही चूक झाली असे आम्ही म्हणणार नाही. १९२० च्या नागपूर अधिवेशनापासून काँग्रेसने आपल्या स्वतःच्या प्रांतिक कमिट्या भाषेप्रमाणे बांधल्या होत्या. पंचवीस वर्षे ज्याने आपले घर एका पद्धतीने चालवले तो देशही त्याच पद्धतीने चालवील, असे कोणालाही वाटले असते.

पण आता तागा उजेडाला धरा. प्रांतरचना भाषेप्रमाणे करू, पण ‘शक्य तितकी’. कामाचे तास आणि कामाची परिस्थिती जगातल्या चांगल्या देशांसारखी ठेवू, पण ‘देशाची आर्थिक स्थिती परवानगी देईल तितपत’. ही तुटलेली तार! वचन लांबरुंद आणि त्याच्या पोटात एवढेसे ‘शक्य तितके’. शक्य किती आणि अशक्य किती, हे ठरवणार कोण? ज्याने वचन दिले तोच. कर्जदारानेच ठरवायचे की आज आपल्याला कर्ज फेडणे शक्य आहे की नाही! कोपऱ्यावरचा दुकानदार तरी तुम्हाला असल्या अटीवर पावशेर साखर उधार देईल काय?

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती पुढे फार महाग पडली. नागपुरानंतर काँग्रेसने भाषावार कमिट्या केल्या खऱ्या, पण मुंबई शहराची प्रांतिक कमिटी महाराष्ट्राच्या कमिटीहून निराळी ठेवली. तेव्हा त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे त्याच वेगळ्या कमिटीच्या गादीवर बसून स. का. पाटलांनी मुंबई वेगळी ठेवण्याचा घोष चालवला. पाचर आधी मारून ठेवलेली असते, लाकूड नंतर फुटते.

स्वराज्य आले आणि ‘शक्य तितके’चा अर्थ लावायला कमिट्या बसल्या. १९४८ साली दार कमिशन नेमले. त्याने डिसेंबरात सांगितले की भाषावार प्रांत देशाच्या ऐक्याला घातक आहेत. मग जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभि यांची कमिटी बसली. तिने एप्रिल १९४९ मध्ये सांगितले की आंध्राचा विचार करता येईल, बाकीचे थांबा, आणि मुंबई शहर महाराष्ट्राला मिळणार नाही. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, पुढाऱ्यांना तुकड्यांची धास्ती वाटत होती हे आम्ही नाकारीत नाही. पण धास्ती वाटली तर मतदारांपुढे येऊन सांगावे की बाबांनो, आमचे मत बदलले, आमचे वचन आम्ही परत घेतो. तसे केले असते तर भांडण तरी सरळ झाले असते. तसे केले नाही. वचन तसेच ठेवले आणि त्यातला कस तेवढा काढून घेतला.

हे कसे केले ते बघायचे असेल तर जुलै १९५१ मध्ये बंगलोरला महासमितीने मंजूर केलेला जाहीरनामा वाचावा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा हा जाहीरनामा. भाषावार प्रांतांची मागणी दक्षिणेत आणि पश्चिमेत सतत होत आहे, असे तो मान्य करतो. काँग्रेस पूर्वीपासून त्या तत्त्वाच्या बाजूची आहे, असेही सांगतो. निर्णय अखेर त्या त्या लोकांच्या इच्छेवर अवलंबून राहील, असे म्हणतो. आणि मग हळूच सांगतो की भाषेशिवाय आर्थिक, राज्यकारभाराच्या आणि पैशाच्या बाबीही बघाव्या लागतील. वाहवा! १९४५ साली एक ‘शक्य तितके’ होते, १९५१ साली त्याला तीन भाऊ झाले. आर्थिक बाब कोण बघणार? राज्यकारभाराची बाब कोण बघणार? पैशाची बाब तर विचारूच नका. लोकांची इच्छा वाक्याच्या सुरुवातीला आणि लोकांच्या इच्छेचा गळा वाक्याच्या शेवटाला, अशी ही कारागिरी आहे.

त्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेच्या ३१५ जागांपैकी २६९ जागा काँग्रेसने जिंकल्या. म्हणजे पीक काँग्रेसने कापले. पण लोकांची इच्छा मोजायची वेळ आली तेव्हा मापच सापडेना. तिकडे तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी पोट्टि श्रीरामुलू उपोषणाला बसले. १५ डिसेंबर १९५२ रोजी त्यांनी प्राण सोडला आणि आंध्रात डोंब उसळला. मग चार दिवसांत दिल्लीला लोकांची इच्छा समजली! १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झाले. आता मराठी माणसाने यावरून काय शिकावे? अर्जविनंत्यांनी इच्छा सिद्ध होत नाही, प्रेत पडल्यावर होते, असे? जाहीरनाम्यात असे कुठे लिहिले नव्हते. पण अंमल मात्र तसाच झाला.

पुढचे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वाडवडिलांनी ते अंगावर घेतले आहे. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना मंडळाचा अहवाल बाहेर आला. कानडीला राज्य, मल्याळीला राज्य, आणि मराठी व गुजराती यांना मात्र एका दावणीला बांधून द्विभाषिक. विदर्भ त्यातूनही बाहेर. मग काँग्रेस श्रेष्ठींनी तीन राज्यांची तोड काढली, त्यात मुंबई वेगळी. २० नोव्हेंबरला चौपाटीच्या सभेत मोरारजीभाई आणि स. का. पाटील यांनी मुंबईवरचा मराठी माणसाचा हक्क झिडकारला आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि पंधरा माणसे पडली. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि गिरणगावात पुन्हा गोळ्या सुटल्या. सगळे मिळून शंभरावर हुतात्मे झाले. त्यांतले कितीतरी गिरणीत घाम गाळणारे होते. खुद्द केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही, मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय होतात, ही त्यांची तक्रार होती. ज्या पक्षाने १९५१ साली लोकांच्या इच्छेवर सारे सोपवले, त्याच्या राज्यात अर्थमंत्र्यालाही कोणी विचारीत नव्हते. तिथे साचेवाल्याला कोण विचारतो!

हे भाषेचे झाले. पण पोटाचे काय? राज्य, भाषा, सीमा हे पांढरपेशांचे लचांड, कामगाराला त्याच्याशी काय कर्तव्य, असे तेव्हा मालकांचे लोक मोठ्या आपुलकीने सांगत फिरत. मालकांना कामगारांच्या हिताचा असा उमाळा आला की कामगाराने खिसा चाचपून बघावा. भाषेचे वचन आणि भाकरीचे वचन एकाच जाहीरनाम्यात होते, एकाच हाताने लिहिले होते आणि एकाच रीतीने पातळ केले गेले. म्हणून दुसरा तागाही बघू या.

जे दिले ते दिले म्हणावे, त्यात कंजुषी नको. १९४८ साली फॅक्टरी कायदा झाला, किमान वेतनाचा कायदा झाला, राज्य विम्याचा कायदा झाला. १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला आणि कापड धंद्याला तो लागू झाला. हे कामगाराच्या घरात आलेले आहे. म्हातारपणी फंडाच्या पैशावर गावाकडे घराचे छप्पर घातलेली माणसे तुमच्यातच आहेत. विम्याच्या दवाखान्यातली रांग कितीही लांब असली तरी ती रांग पूर्वी नव्हतीच. हे मान्य.

पण संघटनेच्या हक्काचे काय झाले ते बघा. जाहीरनाम्याची शाई वाळली न वाळली तोच मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९४६ सालचा मुंबई औद्योगिक संबंध कायदा केला. त्या कायद्याने संघटना काढायला बंदी घातली नाही. छे, छे! पाहिजे तितक्या काढा. फक्त मालकाशी बोलायचा हक्क सबंध धंद्यात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला. मुंबईच्या कापड धंद्यात ती मान्यता गेली राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे काँग्रेसच्याच घरात. गिरणी कामगार युनियन १९२८ पासूनची, लाल बावट्याखाली केवढे संप लढलेली. तिने दारात उभे राहावे. समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेनेही दारात उभे राहावे. तोंड उघडायचा हक्क आहे, पण ऐकणारा कान कायद्याने दुसरीकडे वळवलेला आहे, असा हा हक्क!

याची कसोटी १९५० साली लागली. बोनसच्या प्रश्नावर मिल मजदूर सभेच्या हाकेला ओ देऊन सुमारे दोन लाख कामगार १४ ऑगस्टला बाहेर पडले आणि ६३ दिवस बाहेर राहिले. त्रेसष्ट दिवस! खानावळवाल्या बायांनी पदरचे घालून जेवणे चालवली, गावाकडून पोती आली, बायकांच्या गळ्यातले गेले. कामगार कोणाच्या मागे आहे हे आंधळ्यालाही दिसत होते. पण कायद्याच्या दृष्टीने संप बेकायदा होता, कारण मान्यताप्राप्त संघटना कामावर होती. संप मोडला. पुढच्या वर्षी बंगलोरला जाहीरनामा लिहिणाऱ्यांना हे ६३ दिवस आठवले असते तर त्यांनी संघटनेच्या हक्काचे काय केले हे कामगाराला सांगितले असते.

आणि पगार? १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत किमान मूळ पगार तीस रुपये ठरला. त्यानंतर पंचवार्षिक योजना आल्या, १९५५ च्या जानेवारीत आवडीला काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, आणि तीस रुपये तिथेच बसून राहिले. महागाई भत्ता वर-खाली व्हायचा, मूळ आकडा हलायचा नाही. कापड धंद्याचे वेतन मंडळ नेमले गेले ते मार्च १९५७ मध्ये, म्हणजे मतांच्या पेट्या मांडल्या त्याच महिन्यात! त्या मंडळाने आठ रुपयांची वाढ सांगितली आणि ती १९६० साली सुरू झाली. तेरा वर्षांत आठ रुपये. समाजवाद येत होता, पण पायी चालत येत होता.

१९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर आणि समाजवादी रचनेवर मते मागितली. राज्याचा प्रश्न द्विभाषिकाने मिटला आहे, आता तो उकरू नका, योजनेकडे लक्ष द्या, असा सूर होता. यशवंतराव चव्हाण हुशार माणूस, त्यांनी द्विभाषिक हा एक मोठा प्रयोग म्हणून मांडला. पण ज्याला न विचारता प्रयोग केला, त्याच्याचकडे यशाचा दाखला मागायचा, हे काही लोकांना पटले नाही. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला आडवे केले. खुद्द यशवंतराव कराडला थोडक्यात वाचले. गिरणगावाने कॉम्रेड डांगे यांना लोकसभेत पाठवले, दादरने आचार्य अत्रे यांना विधानसभेत पाठवले. विदर्भ आणि गुजरात यांच्या जागांवर काँग्रेसचे सरकार तगले.

पण त्या निवडणुकीतली आमच्या मते सर्वांत बोलकी गोष्ट मुंबईत नव्हे, अहमदाबादेत घडली. तिथे काँग्रेसचे उमेदवार होते खंडुभाई देसाई. केंद्राचे मजूरमंत्री, मजूर महाजनाचे जुने पुढारी. गिरण्यांचे शहर, मजूरमंत्री उमेदवार, मागे महाजनासारखी संघटना! महागुजरातच्या इंदुलाल याज्ञिकांनी त्यांना पाडले. अहमदाबादचा गिरणी कामगार मराठी नव्हता, त्याला मुंबई नको होती, तरी त्याने तोच निवाडा दिला जो परळ-लालबागने दिला. मराठी आणि गुजराती यांच्यात वैर आहे म्हणून द्विभाषिक मोडले, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी अहमदाबादचा निकाल समोर ठेवावा. दोघांचे वैर नव्हते. दोघांचीही एकाच जाहीरनाम्यावर तक्रार होती.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिले, ते दुखणे निराळे आहे. मुंबई मिळाली.

इथे थांबून टाळ्या घ्याव्यात असे आम्हालाही वाटते. पण दुसऱ्याचा तागा उजेडाला धरणाऱ्याने आपलाही धरावा. समितीच्या झेंड्याखाली प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन असे नाना तऱ्हेचे लोक एकत्र आले ते एका मागणीवर. ती मागणी पुरी झाली की काय, हा प्रश्न पुढे ढकलला गेला. मुंबई महाराष्ट्राची, हे ठरले. मुंबईतल्या गिरण्या, गिरण्यांच्या जमिनी, चाळी कोणाच्या, हे कोणी पक्के लिहून ठेवले नाही. राज्य होताच समिती फुटली. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने नव्या महाराष्ट्रात २६४ पैकी २१५ जागा घेतल्या, आणि मुंबईत डांगे पडले. ज्या कायद्याने १९५० चा संप मोडला, तो मराठी राज्याने जसाच्या तसा वारशात घेतला. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले तेव्हा त्यांच्या मागण्यांत हा कायदा काढा ही मागणी होतीच. मंत्रालयात तेव्हा मराठी माणूस बसला होता. कायदा तोच होता, मान्यताप्राप्त संघटना तीच होती, आणि संप कधी मागे घेतलाच गेला नाही, तो तसाच विरून गेला.

त्यानंतरची एकच गोष्ट सांगतो, कारण ‘शक्य तितके’चा नवा अवतार तिच्यात आहे. १९९१ साली राज्य सरकारने गिरण्यांच्या जमिनींसाठी नियम केला. जमीन विकायची, विकसित करायची, तर ढोबळमानाने एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. निम्म्याहून जास्त गिरणगाव लोकांकडे यावे, असा तो हिशेब दिसत होता. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी कायम ठेवली, तृतीयांश कायम ठेवले. फक्त वाटणी कशाची, तर गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीची, एवढेच घातले. बांधकामाखालची जमीन हिशेबातून बाहेर. आता गिरणी म्हणजे काय माळरान असते? साचेखाते, त्रासनखाते, गोदाम, चिमणी, बॉयलर यांनीच आवार भरलेले असते. एका ‘मोकळ्या’ शब्दाने शहराचा आणि घरांचा वाटा केवढा आकसला याचा हिशेब परळला उभे राहून नुसत्या डोळ्यांनी करता येतो. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने अर्थ लावला होता. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने २००१ ची दुरुस्ती उचलून धरली आणि प्रश्न मिटला. मालकांचा मिटला!

म्हणून यापुढे कोणत्याही रंगाचा उमेदवार तुमच्याकडे मत मागायला आला, मग तो मराठीचे नाव घेवो, समाजवादाचे घेवो की विकासाचे, त्याच्या हातातला कागद खिडकीपाशी न्या. गिरणी कामगाराला घर देऊ असे त्यात असेल तर विचारा, कुठे? मुंबईत की मुंबईपासून दोन तासांवर? किती चौरस फूट? कोणत्या सालापर्यंत? कामगार वारला असेल तर त्याच्या बायकोला, मुलाला का? आणि त्याने मान डोलावून ‘शक्य तितके करू’ म्हटले, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि सांगा की साहेब, हा शब्द आमच्या घरात १९४५ सालापासून आहे, दुसरा घेऊन या.